सुधाकराची पहिली पायरी

(हमरापूर येथील कुटुंब मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



राम गणेश गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निधन झाले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू महाराष्ट्राने डोळे पुसत पाहिली. दारूबंदीचे नाटक, अशी त्याची ओळख रूढ झाली. परंतु सुसंस्कृत मनुष्य पायरीपायरीने पशुत्वाला कसा पोहोचतो, याचे ते दर्शन आहे. म्हणून शतक उलटूनही सुधाकर जुना झालेला नाही.

प्रारंभीचा सुधाकर बुद्धिमान वकील आहे. तो प्रतिकूल परिस्थितीतून स्वकर्तृत्वाने वर आलेला, मानी आणि पत्नीवर प्रेम करणारा आहे. न्यायालयात झालेल्या अपमानाने त्याचा तोल जातो आणि त्याची सनद काही काळ स्थगित होते. त्याच्या पतनाची पहिली पायरी ही आहे. प्याला नंतर आला. आधी दुखावला गेला तो अहंकार. विद्या होती, कीर्ती होती, परंतु अपमान पचविण्याचे बळ नव्हते. त्या जखमेवर औषध म्हणून तळीराम प्याला पुढे करतो.

पुढच्या पायऱ्याही एकदम येत नाहीत. दुःख विसरण्यासाठी घेतलेला प्याला सवयीचा होतो. संसार उघड्यावर पडतो. श्रीमंत माहेरची सिंधू लोकांची दळणे दळते. मध्येच सुधाकराला पश्चात्ताप होतो. दारू सोडून तो काम मागावयास निघतो, तेव्हा प्रतिष्ठितांच्या दारी त्याच्या पदरी अवहेलना येते. तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. अखेर त्याच हातातील काठीने तान्हे मूल मरते, सिंधूही जाते. प्राण जातानाही ती पतीवर आळ येऊ देत नाही.

सिंधूच्या निष्ठेपुढे मस्तक नमते. परंतु तिचे सोसणे हा आपल्या स्वस्थतेचा आधार होता कामा नये. घरात मार खाणारी स्त्री मौन पाळते, म्हणून शेजाऱ्याने मौन पाळणे हा धर्म नव्हे. २००५ च्या कायद्यानेही तिला घरगुती हिंसाचाराविरुद्ध संरक्षण दिले आहे.

या नाटकात एक मर्म दडलेले आहे. मद्यप्यांचे 'आर्य मदिरा मंडळ' आहे. ते एकत्र जमते, नवा सभासद जोडते, त्याची विचारपूस करते. सज्जन मात्र एकेकटे आहेत. रामलाल हा सच्चा मित्र, पण तो विलायतेला गेलेला. दुर्जन संघटित आणि सज्जन विखुरलेले, ही सुधाकराची खरी शोकांतिका आहे.

हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या परिसरातील कारखान्यांतून घरोघरचे गणराय घडतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात स्थिर असावा लागतो, हे येथे कोणास सांगावयास नको. हंगामाच्या शेवटी त्या हातात वर्षाची कमाई येते. त्याच वेळी तळीरामही घरी येतो. त्याच्याआधी आपण पोहोचलो पाहिजे. महाराष्ट्रात अनेक गावांतील भगिनींनी मतदानाने 'बाटली आडवी' केली. ते मोलाचे कार्य आहे. परंतु दुकान बंद झाले तरी दुखावलेले मन उरतेच.

म्हणून कार्यकर्त्याने गावातील निराश, अपमानित, कर्जबाजारी तरुण ओळखावा. दारू सोडून परत येणाऱ्यास काम द्यावे, टोमणा देऊ नये. मुलांना यशाबरोबर अपयशही पचविण्यास शिकवावे. सुधाकर शेवटच्या पायरीवर दिसला की सारे हळहळतात. तो पहिल्या पायरीवर असतानाच त्याच्या खांद्यावर हात ठेवणारा रामलाल प्रत्येक आळीत असला पाहिजे.