अविची : एका तरुण संगीतकाराची कारकीर्द



संगीत जायज की नाजायज, या वादात मी शिरणार नाही; त्यासाठी आपले उलेमा आहेत. पण आपली मुले कानाला यंत्र लावून जे ऐकतात, ते तयार करणाऱ्या एका तरुणाची हकिगत पालकांनीही ऐकावी.

टिम बर्गलिंग १९८९ साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे जन्मला. डी.जे. म्हणजे दुसऱ्यांच्या तबकड्या वाजवणारा, ही समजूत अपुरी आहे. हा मुलगा घरच्या संगणकावर ठेका, खर्ज, वरची सुरावट असे थर स्वतः रचत असे. ‘अविची’ हे टोपणनाव त्याने उचलले ते बौद्ध ग्रंथांतील सर्वांत खालच्या नरकाचे. आता असे नाव का घ्यावे, कोण जाणे!

२०११ साली ‘लेव्हल्स’ने तो जगभर पोहोचला. मार्च २०१३ मध्ये मायामीच्या महोत्सवात त्याने गिटार, बँजो वाजवणारे लोकसंगीतातले वादक मंचावर आणले, तेव्हा श्रोत्यांतून नापसंतीचे आवाज उठले. त्याच वळणाचे ‘वेक मी अप’ त्याच वर्षी ब्रिटनसह अनेक देशांत पहिल्या क्रमांकावर गेले. विद्यार्थी मित्रांनो, हुर्यो झाली म्हणून त्याने चाल बदलली नाही, हे ध्यानात घ्या.

पण दुसरी बाजू पाहा. आज या देशात, उद्या त्या देशात, रात्रीचे जागरण, आणि मंचावर जाण्याची धास्ती घालवण्यासाठी दारू. २०१२ साली स्वादुपिंडाच्या आजाराने तो इस्पितळात पडला, तेव्हा वय अवघे बावीस! २०१४ साली पित्ताशय काढावे लागले. कार्यक्रम मात्र चालूच. आपल्याकडेही आखातात गेलेल्या मुलाला ‘पगार किती?’ हे आपण आधी विचारतो; ‘झोप लागते का, बाळा?’ हे क्वचितच कुणी विचारते.

२०१६ साली त्याने दौरे थांबवल्याचे जाहीर केले. घरी बसून धुना रचणे त्याला हवेच होते, आणि ते काम त्याने सोडले नाही. २० एप्रिल २०१८ रोजी ओमानमध्ये मस्कत येथे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. मनाची तगमग त्याला पुढे सोसवली नाही, असे घरच्यांच्या निवेदनावरून दिसते.

अपुऱ्या राहिलेल्या धुना सहकाऱ्यांनी पूर्ण केल्या आणि २०१९ साली ‘टिम’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. त्याच वर्षी आईवडिलांनी त्याच्या नावे एक प्रतिष्ठान काढले. तरुणांचे मानसिक आरोग्य आणि आत्महत्येला प्रतिबंध, हे त्याचे काम आहे.