टाहो, हंबर आणि बोबडे बोल
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाई विषय विचारायला आल्या, तेव्हा मी नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. तो नऊ महिन्यांचा. त्याचे "बाबाबा, ददद" असे अखंड व्याख्यान चालू होते. मी म्हटले, "आज बोलणारा हा, मी फक्त ऐकणारी." त्या हसून म्हणाल्या, "मग त्यावरच बोला." म्हणून आज मी मुक्या प्राण्यांच्या आणि तान्ह्या मुलांच्या बोलीविषयी बोलणार आहे. विषय गमतीचा वाटेल. पण शेवटी मला आपणांस एक कळकळीची गोष्ट सांगायची आहे, तेवढे ऐकल्याशिवाय चहाला उठू नका.

माझे बालपण राजापूरकडच्या एका खेड्यात गेले. घरी कपिला नावाची गाय होती. वासरू जवळ असले म्हणजे ती तोंड मिटून, घशातल्या घशात हुंकार दिल्यासारखी हळू बोले. तेच वासरू नजरेआड झाले की तोंड उघडून असे हंबरे की साऱ्या वाडीला ऐकू जाई. आजी स्वयंपाकघरात तांदूळ निवडता निवडता सांगे, "अगं, वासरू दावे तोडून गेलं वाटतं, बघ जरा!" आणि तसेच असायचे. आम्हांला वाटे, आजीला गाईची भाषा येते.

आजीचे खरेच होते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली हेच दाखवून दिले. त्यांनी मोकळ्या चरणाऱ्या गाईवासरांचे आवाज महिनोन् महिने टिपले. जवळच्या वासराशी बोलायचा खालच्या पट्टीतला आवाज वेगळा आणि दूरच्या वासराला बोलवायचा वरच्या पट्टीतला आवाज वेगळा. शिवाय प्रत्येक गाईचा आणि प्रत्येक वासराचा आवाज स्वतंत्र, आपल्या हस्ताक्षरासारखा. हे सिद्ध करायला त्यांना यंत्रे लागली. आजीला निवडायचे तांदूळ पुरले.

आता कोंबडीचे पाहा. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली असताना आपण कधी कान देऊन ऐकले आहे का? पिल्लू बाहेर येण्याच्या आधी एखादा दिवस अंड्यातूनच बारीक 'चिव चिव' ऐकू येते आणि आई त्याला उत्तर देते. म्हणजे तोंड पाहण्याआधीच ओळख! जर्मनीत १९३० च्या दशकात एक साधासा प्रयोग झाला. पिल्लू काचेच्या घंटेखाली ठेवले. आईला ते डोळ्यांसमोर धडपडताना दिसत होते, पण त्याचे ओरडणे ऐकू येत नव्हते. ती खुशाल दाणे टिपत राहिली. मग पिल्लू आडोशाला बांधले. आता ते दिसत नव्हते, फक्त ओरडणे ऐकू येत होते. ती धावत तिकडे गेली. कोंबडीची माया डोळ्यांत नाही, कानांत आहे!

मगरीला तर आपण निष्ठुरतेचा नमुनाच मानतो. पण तीही याला अपवाद नाही. तिची अंडी वाळूत पुरलेली असतात. फुटायची वेळ आली की आतली पिल्ले ओरडू लागतात. फ्रान्सच्या व्हेर्न व माथेव्हाँ या संशोधकांनी नाईल नदीच्या जातीच्या मगरींना हे ओरडणे ध्वनिमुद्रित करून ऐकवले. त्यांचा लेख २००८ साली प्रसिद्ध झाला. तो आवाज ऐकताच आई वाळू उकरू लागली. भावंडांनाही त्याचा उपयोग होतो. एकाचा आवाज ऐकून बाकीची अंड्यातली पिल्ले हालचाल करतात, ओ देतात आणि सारी मिळून बाहेर येतात. पुढे आई ती पिल्ले त्याच भयंकर जबड्यात अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते.

हे सारे आवाज प्राण्यांना जन्मतःच येतात. पण काही गोष्टी त्यांनाही शिकाव्या लागतात. आफ्रिकेत केनिया देशातील अंबोसेलीच्या रानात व्हर्व्हेट जातीची माकडे आहेत. सेफार्थ, चेनी आणि मार्लर या संशोधकांनी १९८० साली त्यांच्याविषयी लिहिले. बिबट्या दिसला की त्यांची एक आरोळी, गरुड दिसला की दुसरी, साप दिसला की तिसरी. पहिली ऐकली की सारी झाडावर चढतात. दुसरीला वर पाहतात किंवा झुडपात शिरतात. तिसरीला मागच्या पायांवर उभी राहून गवतात शोधतात. लहान पिल्ले मात्र चुकतात. साधा निरुपद्रवी पक्षी दिसला, नुसते झाडाचे पान गळाले, तरी 'गरुड आला' म्हणून ओरडतात. आपली मुले नाही का, चार पाय दिसले की गाय, म्हैस, बकरी साऱ्यांनाच 'भू भू' म्हणतात! मोठ्यांच्या सहवासात हळूहळू माकडांची पिल्ले तरबेज होतात.

आणि नातवाच्या त्या "बाबाबा"चा जोडीदारही सापडला आहे. मध्य अमेरिकेत पाठीवर दोन पांढऱ्या रेघा असलेले एक लहानसे वटवाघूळ असते. त्याची पिल्ले दिवसाउजेडी घरट्याच्या जागी लटकून तेच तेच आवाज पुन्हा पुन्हा घोळवीत बडबडतात, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. कोणी काही मागत नाही, कोणाला बोलावीत नाही. नुसता सराव!

आता आपल्या बाळाकडे वळू. मूल जन्मताच 'कोऽहम्' म्हणजे 'मी कोण' असे विचारीत रडते, असे आपल्याकडे म्हणतात. तो कोण हे त्याला ठाऊक नसेलही, पण आई कोण हे त्याला ठाऊक असते. पोटात सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळाला ऐकू येऊ लागते आणि सर्वांत जास्त ऐकू येतो तो आईचा आवाज. अमेरिकेतील डीकॅस्पर व फायफर यांनी १९८० साली तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडी एक चोखणी दिली. एका लयीत चोखले की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखले की परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज मिळेल अशा लयीत चोखणे पसंत केले. जर्मनीत कॅथलीन व्हेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर २००९ मध्ये दाखवले की, तीन ते पाच दिवसांच्या फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत जातो आणि जर्मन बाळांचा उतरत जातो. त्या त्या भाषेचीच ती चाल. मूल मातृभाषेत रडते, म्हणा ना!

या रडण्याचा नेमका अर्थ सांगणारा कोश मात्र नाही. भुकेचे रडणे हे, पोटदुखीचे हे, असे आपण ठामपणे म्हणतो खरे. पण रडण्यातून मुख्यतः कळते ती निकड. साधी कुरकुर आहे की जीव कळवळतो आहे, एवढे आवाज सांगतो. बाकीचे आपण घड्याळ आणि लंगोट पाहून ताडतो. आणखी एक गोष्ट घरी जाऊन अवश्य सांगा. "आपलेच मूल रडते आहे हे ओळखणे बायकांनाच जमते," असे पुरुषमंडळी म्हणतात आणि कूस बदलून झोपतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोज चार तास तरी मुलाजवळ असणाऱ्या बापांनी आपल्या बाळाचे रडणे आयांइतकेच अचूक ओळखले. तेव्हा ही विद्या जन्माची नाही, सवयीची आहे!

आपल्या मराठी माणसांना विशेष गंमत वाटावी असा एक प्रयोग कॅनडाच्या जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केला. 'त' आणि 'ट' यांतला फरक इंग्रज माणसाला कानाने कळत नाही, हे आपण जाणतोच. त्यांनी हिंदीतले हे दोन वर्ण इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना कळला. म्हणजे मूल सर्व भाषांचे कान घेऊन येते आणि पहिल्या वर्षातच जे कानी पडत नाही ते सोडून देऊ लागते. पहिले वर्ष किती मोलाचे, हे यावरून ध्यानात येईल.

आणि म्हणूनच, भगिनींनो, आता माझी गोष्ट सांगते.

माझा धाकटा मुलगा १९७६ साली झाला. तोही इतर बाळांसारखाच रडला, हसला, "अगूं अगूं" करू लागला. आठव्या-नवव्या महिन्यात, आज माझा नातू जिथे "बाबाबा" करतो आहे तिथे, तो उलट गप्प झाला. घरात पाहुणे आले, कुकरची शिट्टी झाली, तरी हा स्वस्थ झोपलेला. आम्ही कौतुकाने म्हणायचो, "किती गुणी बाळ, त्रास म्हणून नाही." मला शंका आली तेव्हा सासूबाईंनी त्याच्या मागे थाळी वाजवून पाहिली. त्याने मान वळवली. झाले, घरदार निश्चिंत झाले. थाळीचा हादरा त्याच्या अंगाला जाणवला असेल, भिंतीवर हाताची सावली हलली असेल, हे आमच्या डोक्यातच आले नाही. दोन वर्षांचा झाला तेव्हा एका डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, "मुलगे उशिराच बोलतात, घाबरू नका." सासूबाईंनी पुस्ती जोडली, "याचे आजोबासुद्धा चौथ्या वर्षी बोलले." मी गप्प बसले. आईच्या मनाला कळत होते, आणि तरी मी गप्प बसले.

साडेतीन वर्षांचा झाला तेव्हा रीतसर तपासणी झाली. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. श्रवणयंत्र आले, शाळा आली. शाळेत सांगत, "खुणा करू देऊ नका, म्हणजे तोंडाने बोलेल." जेवताना त्याने हाताने पाणी मागितले की मी त्याचे हात धरून ठेवी. तो माझ्या तोंडाकडे बघत राही. ते डोळे मला आजही आठवतात. पुढे १९९१ साली कॅनडातील लॉरा पेटिटो यांनी दाखवले की, खुणांची भाषा बोलणाऱ्या आईबापांची बहिरी बाळे हातांनी बडबडतात. तोच तो आकार पुन्हा पुन्हा, आपल्या "बाबाबा"सारखा. हे वाचले तेव्हा मी रडले. माझा मुलगा बोलत होता आणि मी त्याचे हात धरून ठेवले होते.

तो आज यंत्रांचे आराखडे काढण्याचे काम करतो. सून त्याच्यासारखीच. मांडीवरचा हा नातू त्यांचाच. आता मीही मोडक्यातोडक्या खुणा करते आणि चुकले की दोघे मला हसतात. आमचे वाईट झाले नाही. पण ती साडेतीन वर्षे मला परत मिळणार नाहीत.

म्हणून सांगते. नातू जन्मला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या कानाची तपासणी झाली. झोपेतच कानात एक छोटीशी नळी ठेवतात, यंत्र बारीक आवाज सोडते आणि आतल्या कानाचा प्रतिसाद टिपते. काही मिनिटांचे काम, दुखत नाही. पहिल्या वेळी शंका आली तर घाबरू नका, पुन्हा तपासतात. जाणकारांचा नियम असा आहे: एका महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू. केंद्र सरकारच्या २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था या कामासाठीच आहे. यंत्र असो, शस्त्रक्रिया असो, खुणांची भाषा असो. जितके लवकर सुरू होते तितके अधिक उपयोगी पडते.

घरच्या घरी एवढे पाहा. मोठ्या आवाजाने तान्हे दचकते का? सहा महिन्यांचे मूल आवाजाकडे वळते का? नऊ-दहा महिन्यांत "बाबाबा, ममम" अशी बडबड आहे का? वर्षाचे झाल्यावर हाकेला बघते का? यात शंका आली तर थाळी वाजवीत बसू नका, तपासणीला जा. कोणी "होईल हळूहळू" म्हटले तरी जा.

आपल्या मंडळात आजी झालेल्या पुष्कळजणी आहेत. पुढच्या बारशाला जाल तेव्हा कुंची-टोपरे अवश्य न्या, पण बाळंतिणीच्या कानात एवढे एक वाक्यही सांगून या: "बाळाचे कान तपासलेस ना?" माझ्या वेळी मला ते कोणी सांगितले नव्हते.