हजार बिड्यांची मजुरी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांत आई-आजीने मांडीवर सूप घेऊन बिड्या वळल्या. माझी आईही वळायची. मजुरी हजारावर. ती विचारायची, "बिडी तीच, मेहनत तीच, मग दुसऱ्या गावात भाव कमी का?"

कामठीच्या बाबू हरदासांनी स्वातंत्र्यापूर्वीच या भागातल्या बिडी मजुरांची संघटना बांधली होती. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, एप्रिल १९४६ मध्ये, किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले. १९४८ साली कायदा झाला. त्याच्या यादीत बिडीकाम होते.

पण बिडीचे दर ठरवायचे राज्यांनी. १९५६ मध्ये नागपूर-भंडारा मुंबई राज्यात आले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. तेंदूपत्त्याचे जंगल एकच, दर ठरवणारी सरकारे दोन! महाराष्ट्रातही पुष्कळ धंद्यांत परिमंडळे आहेत. महानगरपालिकेत दर जास्त, खेड्यात कमी. म्हणतात, खेड्यात खर्च कमी. घरभाडे कमी, हे खरे. पण तेल अन् औषध तिथे स्वस्त मिळते का? खरे कारण असे, की जिथे दुसरे काम नाही तिथे माणूस मिळेल त्या भावात राबतो. मजुराच्या हाती पैसा नाही, म्हणून गावातले दुकान चालत नाही. दुकान चालत नाही, म्हणून नवे काम निघत नाही.

बिडीला यंत्र लागत नाही. पान-तंबाखू नेली की काम तिकडे गेले. म्हणून दर मागितला की मालक म्हणतो, "काम दुसरीकडे नेतो." १९६८ मध्ये बिडी कामगारांचा नवा कायदा केरळात लागू होताच मंगळूरच्या मालकांनी कण्णूरचे काम बंद केले. हजारो मजूर उघड्यावर आले. पण सरकारच्या मदतीने त्यांनी १९६९ साली दिनेश बिडी ही सहकारी संस्था उभी केली.

तेव्हा दरात थोडा फरक असू द्या, पण सगळ्यांच्या खाली पक्की जमीन हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे केंद्राने ठरवलेल्या तळाच्या दरापेक्षा कमी दर राज्याला ठरवता येत नाही. मात्र तो तळही प्रदेशानुसार वेगळा ठेवायची मोकळीक तिच्यात आहे. तिथेच डोळे उघडे ठेवा.

आज आपली मुले सिक्युरिटीत, सफाईत, दुकानात ठेकेदाराकडे राबतात. त्यांना विचारायला शिकवा : माझे परिमंडळ कोणते? मूळ वेतन किती? विशेष भत्ता किती? आईच्या प्रश्नाचे उत्तर विचारल्याशिवाय मिळणार नाही.

जय भीम!