आप्त आणि अडॅप्ट

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, कुठल्यातरी खणात, एक लहानशी वस्तू पडून असते. मुलगा किंवा भाचा दुबईहून, मस्कतहून येतो आणि त्याच्या चार्जरच्या तीन चौकोनी पिना आपल्या भिंतीतल्या गोल भोकांत जात नाहीत. मग त्या वस्तूची शोधाशोध सुरू होते. पेडण्याच्या बाजारातही तिला ‘अडॅप्टर’च म्हणतात. आज ज्या शब्दाविषयी बोलायचे आहे तो याच कुळातला : ‘अडॅप्ट’.

अर्थ विचारला तर आपण चटकन सांगतो, ‘बदलणे’. डिचोलीतल्या खाणी २०१२ साली थांबल्या, मध्ये सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रकसाठी कर्ज काढलेल्या घरांना उपदेश मिळाला : आता अडॅप्ट व्हा. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या पठारावरून विमाने उडू लागली, तेव्हा आसपासच्या गावांनीही तेच ऐकले. सुनेला तर हे आपण पिढ्यान्‌पिढ्या स्वच्छ मराठीत सांगत आलो आहोत : जुळवून घे. तेव्हा या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न नुसता कोशातला नाही. कोणी बदलायचे आणि किती, हे त्यात दडलेले आहे.

शब्दाची वाट अशी आहे. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिन ‘अदाप्तारे’ या क्रियापदात ‘अद’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘अप्तुस’ म्हणजे नीट बसलेला, योग्य. हा ‘अप्तुस’ बांधणे, जोडणे या अर्थाच्या एका जुन्या क्रियापदापासून निघाला. ज्यांच्या आजोबांनी पोर्तुगीज शाळेत धडे घेतले, त्यांच्या कानांवरून ‘आप्तु’ हा शब्द गेला असेल. त्याचा अर्थ लायक, पात्र. इंग्रजीतला ‘इनेप्ट’, म्हणजे ज्याला काम जमत नाही असा, हा त्याच घरातला. ‘कपल’, म्हणजे जोडपे, हेही त्याच बांधणाऱ्या क्रियापदाचे अपत्य.

म्हणजे मुळात या शब्दात बदल नव्हताच. होते ते जोडणे आणि नीट बसवणे. एक वस्तू दुसरीला जोडता यावी म्हणून जे थोडे फिरवावे, तासावे लागते, तेवढाच बदल त्यात आला.

पुढची गोष्ट आपल्याला जवळची आहे. भाषांची कुळे शोधणारे अभ्यासक या लॅटिन शब्दाचे मूळ आणि संस्कृतातला ‘आप्’ हा धातू एकाच आदिम धातूपाशी नेतात. ‘आप्’ म्हणजे पोचणे, मिळवणे. त्यातूनच आपल्याकडे प्राप्त, व्याप्त, पर्याप्त, समाप्त आले. आणि आप्तही आला. ‘आपला’ मात्र यातला नव्हे. तो ‘आत्मन्’पासून आलेला आहे. लग्नपत्रिकेत आपण ‘आप्तेष्टांसह’ लिहितो, त्या आप्ताचा आणि इंग्रजी ‘अडॅप्ट’चा पणजोबा एकच.

आता मराठीकडे वळू. शास्त्राच्या पुस्तकांत ‘अडॅप्टेशन’ला अनुकूलन म्हणतात. ‘कूल’ म्हणजे नदीचा काठ. काठाकाठाने जाते ते अनुकूल, उलट जाते ते प्रतिकूल. नाटकाच्या जगात तोच शब्द रूपांतर होतो. देवलांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ लिहिले, पु. लं.नी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ केली, ती रूपांतरे. आणि घरात आपण म्हणतो जुळणे. जुळे, जुळणी, जुळवणे हे सगळे दोघांचे शब्द आहेत. एकटा माणूस जुळत नाही.

मंडळी, आपल्या मुलखात हे जुळणे कसे घडले ते पाहा. सप्तकोटीश्वर हे कदंबांचे दैवत, मूळचे दिवाडी बेटावरचे. सोळाव्या शतकात तिस्वाडीत देवळे पाडली गेली तेव्हा तिथल्या भक्तांपुढे जुळवून घेण्याचा मार्गच उरला नाही, कारण समोरची बाजू तसूभरही हलायला तयार नव्हती. म्हणून देव हलला. नदी ओलांडून, तेव्हा पोर्तुगीज अंमलाबाहेर असलेल्या डिचोली महालात आला. बेटावरच्या गावाचे नाव नार्वे. अलीकडच्या काठावरचे गावही नार्वेच. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देवालयाचा जीर्णोद्धार करविला, त्याचा शिलालेख आजही तिथे आहे. देवळाचा घुमट मुसलमानी धाटणीचा, मंडप युरोपीय वळणाचा, छप्पर आपले कौलारू, पुढे दीपस्तंभ. जागा बदलली, इमारत बदलली. नाव आणि पूजा टिकली.

दोनशेहून अधिक वर्षांनी तीच सत्ता इकडे आली. १७८०च्या दशकात डिचोली आणि सत्तरी, १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगिजांकडे गेले आणि या भागाला नव्या काबिजादी म्हणू लागले. या वेळी देवळे राहिली. इतकेच नव्हे, १८५३ मध्ये नव्या काबिजादींतल्या रहिवाशांच्या रूढींची संहिता सरकारनेच काढली. इथे सत्तेने काही अंशी लोकांशी जुळवून घेतले. या मुलखात आपली जुनी घराणी जुन्या रीतींसह टिकली, त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हिंदूंच्या रूढींविषयीच्या १८८० च्या हुकुमाने काही अटींवर, उदाहरणार्थ ठरावीक वयापर्यंत मूल झाले नाही तर, नवऱ्याला दुसरे लग्न करण्याची मुभा ठेवली. सरकार जुळले, ते घरातल्या पुरुषांशी. बाईने मात्र पूर्वीसारखेच एकटीने जुळवून घ्यायचे होते. रूढी टिकली एवढ्यावरून जुळणी झाली असे होत नाही.

दोन्ही बाजूंची जुळणी पाहायची तर पेडण्यातल्या एखाद्या जत्रेत दशावतारी नाटकाला रात्रभर बसा. आरंभीच्या आड दशावतारात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, संकासुर येतो. हा भाग ठरलेला. त्यानंतरच्या आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. कथा पुराणातली, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतो. समोर कोण बसले आहे, हसू कशावर येते, हे पाहून वाक्य वळवतो. प्रेक्षकही आपल्या बाजूने पुढे सरकतो. दाढीचे खुंट दिसणाऱ्या द्रौपदीला तो द्रौपदी मानतो. पहाटे दहीकाला होतो तेव्हा ते नाटक जितके मंडळीचे, तितकेच गावाचे झालेले असते.

हे सारे तुमच्यासमोर मांडण्याचे कारण आपल्या घरांत आहे. आपण कोकणीत बोलत आलो आणि मराठीत वाचत, लिहीत, आरत्या म्हणत आलो. ही जुळणी आपल्या पूर्वजांनी केली आणि ती आपल्याला कधी जड वाटली नाही. आता नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. त्यांनी मराठीशी जुळवून घ्यावे, असे आपण म्हणतो. पण नातू एखादे पान अडखळत वाचू लागला की आपण पहिल्याच ओळीला त्याचा ‘ळ’ दुरुस्त करतो, दुसऱ्या ओळीला त्याच्या इंग्रजी शब्दाला हसतो, आणि तिसरी ओळ तो वाचत नाही. मग मुलांना भाषेची ओढ नाही, अशी तक्रार आपण याच सभागृहात करतो.

अडॅप्टर पिना बदलत नाही आणि भिंतही फोडत नाही. तो दोघांपर्यंत पोचतो. ‘आप्’ धातूचा अर्थही पोचणे हाच होता. या वेळी नातू वाचायला बसला तर त्याला पान संपेपर्यंत वाचू द्या. दुरुस्ती उद्या करता येईल. त्याने विचारलेला शब्द तेवढा सांगा, आणि त्याचा एखादा शब्द तुम्हीही शिकून घ्या.