पऱ्हाटीचे कुंपण

चांदूर रेल्वेच्या आसपास कापसाची अखेरची वेचणी आटोपली की शेतात उरते ती पऱ्हाटी. काही चुलीत जाते, थोडी कुंपणाला लागते, बाकीची बांधावर पेटविली जाते. ती उभी ठेवण्याची सोय नाही. गुलाबी बोंडअळीला तेवढा आसरा पुरतो. कुंपणातील पऱ्हाटीचाही वाळवी आणि पाऊस मिळून लवकरच निकाल लावतात.

माटुंग्यास 1924 साली निघालेल्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने या काड्यांच्या फळ्या करण्याची रीत बसविली. काड्यांचे बारीक तुकडे वाळवून त्यांस कृत्रिम राळ लावावयाची व तप्त दाबयंत्राखाली ते दडपावयाचे. कपाटास अशी फळी उत्तम. परंतु युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या राळेने जोडलेली फळी पाण्याने फुगते. ती कुंपणास लावणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय.

उघड्यावर टिकते ती फळी निराळी, वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये लाकडाचा भुसा कालवून साच्यातून काढलेली. वाळवी तिच्या वाटेस सहसा जात नाही. तथापि वऱ्हाडातील वैशाखात ती सागवानाहून पुष्कळ अधिक लांबते, आणि वाकतेही. म्हणून फळ्यांच्या टोकांत फट ठेवावी, आधार जवळजवळ द्यावेत. विकणारा हे सांगेलच असे नाही. खांब मात्र सागाचा किंवा लोखंडाचाच बरा.

या भुशाच्या जागी पऱ्हाटीचा भुगाही चालतो. अडते ते वाहतुकीपाशी. काडी हलकी, जागा फार व्यापते, आणि भाडे अंगावर येते. तुकडे शेतातच केले तर त्याच गाडीत माल कितीतरी अधिक मावतो.