नामवंतांच्या यादीत बायका कुठं असतात? उरुग्वेची गोष्ट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

उरुग्वे हा देश नकाशात शोधावा लागतो. दक्षिण अमेरिकेत ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन अवाढव्य शेजाऱ्यांच्या मध्ये तो बसलेला आहे. लोकसंख्या सुमारे ३५ लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याएवढी. तरीही फुटबॉल बघणाऱ्या कुठल्याही पोराला हे नाव माहीत असतं. १९३० साली पहिला विश्वचषक याच देशाच्या राजधानीत, माँटेव्हिडिओत झाला आणि तो यजमानांनीच जिंकला. १९५० मध्ये त्यांनी ब्राझीलला ब्राझीलच्याच मैदानावर २-१ असं हरवलं. त्या संघाचा कप्तान ओब्दुलिओ वारेला आजही तिथं दंतकथेसारखा सांगितला जातो.

त्याच महिन्यात, म्हणजे जुलै १९५० मध्ये, माँटेव्हिडिओत पाउलिना लुइसी नावाची एक वृद्ध डॉक्टर वारली. उरुग्वेतल्या बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून तिनं उमेदीची सगळी वर्षं घातली होती. वारेलाचं नाव जगभर गेलं. पाउलिनाचं नाव आज या खोलीतल्या किती जणींनी ऐकलं होतं? मला वारेलाबद्दल काही तक्रार नाही. पण कुठल्याही देशाची 'नामवंतांची यादी' हातात घेतली की आधी खेळाडू, मग राष्ट्राध्यक्ष, मग लेखक आणि शेवटी जागा उरली तर बायका, असा क्रम का लागतो, हा प्रश्न आपण विचारायला हवा. म्हणून आज मी ही यादी उलट्या बाजूनं वाचणार आहे.

सुरुवात करते देल्मिरा आगुस्तिनीपासून. जन्म १८८६, माँटेव्हिडिओचं सुखवस्तू घर. शिक्षण घरातच झालं. घरचे तिला लाडानं 'बाळ' म्हणत आणि ती मोठी झाली तरी तेच म्हणत राहिले. या 'बाळा'नं १९०७, १९१० आणि १९१३ मध्ये तीन कवितासंग्रह काढले. बाईच्या शरीराला, बाईच्या इच्छेला तिच्या कवितेत उघड जागा होती. समीक्षकांनी कौतुक केलं, पण त्यांना मोठा प्रश्न पडला तो असा, की एवढ्या कोवळ्या मुलीला हे सगळं कळतं कसं!

ऑगस्ट १९१३ मध्ये तिचं लग्न झालं. नवरा जनावरांच्या लिलावाचा धंदा करणारा. दोन महिनेही पुरे झाले नाहीत तोच ती आईवडिलांकडे परत आली. आणि इथं उरुग्वेच्या इतिहासातली एक विलक्षण गोष्ट तिच्या आयुष्याला येऊन मिळते. होसे बाट्ये हे तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. देशात घटस्फोटाचा कायदा १९०७ मध्येच झाला होता. सप्टेंबर १९१३ मध्ये त्यात नवी तरतूद आली: केवळ पत्नीच्या इच्छेवरून घटस्फोट. कारण सांगायचं नाही, पुरावा द्यायचा नाही, नवऱ्याची संमती लागत नाही. न्यायाधीशापुढं ठरावीक मुदतींनी हजर राहून 'मला नको' एवढंच ठामपणे सांगत राहायचं. हा मार्ग फक्त बायकोला होता, नवऱ्याला नव्हता. कार्लोस वाझ फेरेरा या तत्त्ववेत्त्यानं ही कल्पना मांडली होती. लग्नाचा बोजा बाईवर जास्त पडतो, तेव्हा दार उघडायची किल्लीही तिच्याकडे हवी, असा त्यामागचा विचार.

जरा थांबून आपल्याकडे बघू या. आपल्या हिंदू विवाह कायद्यात १९५५ साली घटस्फोट आला, परस्पर संमतीचा घटस्फोट १९७६ मध्ये आला. संमती म्हणजे दोघांची. एकट्या बाईनं 'मला नको' म्हटलं की आजही तिला कारण द्यावं लागतं, ते सिद्ध करावं लागतं. आमच्या सल्ला केंद्रात येणारी बाई पहिल्यांदा काय म्हणते ते तुम्हाला ठाऊक आहे: "ताई, मारत नाहीत हो, पण मला तिथं राहायचं नाही." या वाक्याला आपल्या कोर्टात जागा शोधताना वकिलांची दमछाक होते. उरुग्वेनं या वाक्याला १९१३ मध्ये कायद्यात जागा दिली होती.

देल्मिरानं त्याच वर्षी अर्ज केला. जून १९१४ मध्ये घटस्फोट मिळाला. ६ जुलै १९१४ रोजी त्या माणसानं भाड्याच्या खोलीत तिला गोळ्या घातल्या आणि स्वतःलाही. ती २७ वर्षांची होती.

घटस्फोट चालू असतानाही ती त्याला भेटत असे. या एका गोष्टीवर पुढं शंभर वर्षं लोकांनी रकाने भरले. वर्तमानपत्रांनी प्रकरण चवीनं छापलं. 'शोकांत प्रेमकथा' असं नाव पडलं. मैत्रिणींनो, यात प्रेमकथा कुठं आहे? एक बाई कायद्यानं मोकळी झाली आणि एका पुरुषाला ते सहन झालं नाही. ती का भेटत होती हे विचारणाऱ्यांनी, त्यानं पिस्तूल का आणलं हे मात्र विचारलं नाही. आज आपण जिला स्त्रीहत्या म्हणतो तीच ही. बाई घर सोडते तेव्हा आणि सोडल्यानंतरच्या महिन्यांत तिच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो, हे आज जगभर मान्य झालेलं आहे. उरुग्वेच्या कायद्यानं दार उघडलं. दाराबाहेर तिच्या सोबत कोण असेल, हा विचार त्यात नव्हता. २०१७ मध्ये तिथं स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध व्यापक कायदा झाला. म्हणजे दार उघडल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

आता पाउलिना लुइसीकडे येते. जन्म १८७५. १९०८ मध्ये ती उरुग्वेची पहिली महिला डॉक्टर झाली. तिची बहीण क्लोतिल्दे देशातली पहिली महिला वकील. पाउलिनानं १९१६ मध्ये राष्ट्रीय महिला परिषद उभी केली आणि १९१९ मध्ये मताधिकारासाठी वेगळी संघटना काढली. पण मतापुरती ती थांबली नाही. तेव्हा वेश्याव्यवसायाला सरकारी परवाना असे आणि तपासणीची सक्ती मात्र फक्त बायकांवर. पाउलिना म्हणत होती की रोग दोघांना आणि शिक्षा एकीला, हे चालणार नाही. शाळांत लैंगिक शिक्षण हवं, असं ती त्या काळात बोलत होती. बायकांच्या व्यापाराचा प्रश्न घेऊन ती राष्ट्रसंघापर्यंत गेली. सभ्य घरातल्या बाईनं हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, असा तो काळ.

मताच्या लढाईत एक छोटं गाव मोठ्या शहरांच्या पुढं गेलं. गावाचं नाव सेरो चातो. तीन जिल्ह्यांच्या सीमा या गावातून जातात. आपण कुठल्या जिल्ह्यात राहायचं, हे ठरवण्यासाठी ३ जुलै १९२७ रोजी गावात सार्वमत झालं आणि त्यात बायकांनाही मत होतं. पहिलं मत दिलं रिता रिबेरा या ९० वर्षांच्या, ब्राझीलहून आलेल्या कृष्णवर्णीय बाईनं. दक्षिण अमेरिकेत बायकांनी मत दिल्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रसंग. गंमत म्हणजे त्या निकालाची अंमलबजावणी झालीच नाही, गाव अजून तीन जिल्ह्यांत विभागलेलं आहे. पण बायकांनी मत दिलं ते दिलं.

देशभर मताधिकार डिसेंबर १९३२ च्या कायद्यानं मिळाला. राष्ट्रीय निवडणुकीत बायकांनी पहिल्यांदा मत दिलं १९३८ मध्ये. १९४२ च्या निवडणुकीत चार जणी निवडून आल्या, दोघी सिनेटमध्ये आणि दोघी कनिष्ठ सभागृहात. १९४६ मध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेचा कारभार आणि मुलांवर बरोबरीचा अधिकार देणारा कायदा झाला. हा क्रम लक्षात ठेवा: आधी मत, मग सभागृहात बायका, मग घरातला हक्क.

आल्बा रोबायो ही तिथली पहिली महिला मंत्री. आफ्रिकी वंशाची, वकील, कवयित्री. १९६८ मध्ये तिला मंत्रिपद मिळालं. त्याच वर्षी सरकारनं आणीबाणीसारखे उपाय लादले, तेव्हा थोड्याच आठवड्यांत तिनं राजीनामा दिला. खुर्ची मिळणं हा मोठेपणा धरतात, पण ती कधी सोडली हेही त्या यादीत लिहायला हवं.

जून १९७३ मध्ये लष्करी हुकूमशाही आली ती १९८५ पर्यंत. लेखिकांची पांगापांग झाली. क्रिस्तिना पेरी रोस्सी १९७२ मध्येच बार्सेलोनाला गेली होती, ईदा विताले पुढं मेक्सिकोला गेली. पुढं दोघींनाही स्पॅनिश भाषेतला सर्वोच्च मानला जाणारा सर्व्हांतेस पुरस्कार मिळाला, ईदाला २०१८ चा आणि क्रिस्तिनाला २०२१ चा.

ज्या मागं राहिल्या त्यांचं काय? एलेना किंतेरोस ही शाळाशिक्षिका. जून १९७६ मध्ये तिनं व्हेनेझुएलाच्या वकिलातीच्या आवारात उडी घेतली, आसरा मागितला. तिला तिथूनच फरफटत ओढून नेलं. व्हेनेझुएलानं उरुग्वेशी संबंध तोडले. एलेना परत आली नाही. तिची आई मरेपर्यंत लढत राहिली. मारिया एस्तेर गात्ती हीसुद्धा शिक्षिका. तिची मुलगी, जावई आणि दीड वर्षांची नात यांना १९७६ मध्ये ब्युनॉस आयर्समधून पळवलं. नातीला दुसऱ्याच घरात, दुसऱ्याच नावानं वाढवलं गेलं. १९९२ मध्ये तिची खरी ओळख तिला परत मिळाली. मुलगी आणि जावई मिळाले नाहीत. लुइसा क्वेस्ताचा मुलगाही १९७६ मध्येच नाहीसा झाला. ती २०१८ मध्ये ९८ व्या वर्षी वारली, मुलाचा ठावठिकाणा न कळता.

लष्करातल्या गुन्हेगारांना संरक्षण देणारा कायदा १९८६ मध्ये झाला. त्याविरुद्ध सह्यांची मोहीम उभी करणाऱ्यांत गात्ती आघाडीवर होती. पुरेशा सह्या जमल्या, एप्रिल १९८९ मध्ये सार्वमत झालं आणि बहुमतानं तो कायदा कायम राहिला. म्हणजे या बायका हरल्या. हरल्यावर काय करायचं? १९९६ पासून दर २० मे रोजी माँटेव्हिडिओत मूक मोर्चा निघतो. घोषणा नाहीत. नाहीशा झालेल्यांचे फोटो हातात, आणि नाव पुकारलं की उत्तर: 'हजर'.

एक गोष्ट मात्र तेव्हाही बोलली गेली नव्हती. तुरुंगात बायकांवर झालेले लैंगिक अत्याचार. मुलगा गमावलेल्या आईला समाज मान देतो, पण बलात्कार सोसलेल्या कैदी बाईकडे बघताना मान खाली घालतो. २०११ मध्ये माजी राजकीय कैदी असलेल्या २८ जणींनी एकत्र येऊन न्यायालयात तक्रार दाखल केली. तीस-पस्तीस वर्षांनी. एकटीनं बोलणं शक्य नव्हतं, म्हणून त्या २८ जणी झाल्या.

शेवटी पुन्हा मैदानावर जाऊ. २०१६ मध्ये क्लाउदिया उम्पिएरेस ही पुरुषांच्या पहिल्या श्रेणीच्या सामन्यात शिट्टी वाजवणारी उरुग्वेतली पहिली महिला पंच ठरली. पेशानं ती वकील. ज्या देशाचा अभिमानच फुटबॉलवर उभा आहे, तिथं बावीस पुरुषांना बाईचा निर्णय ऐकावा लागला. बातमी छोटी, पण मला ती आवडली.

आता आपल्यासाठी दोन कामं सुचवते. पहिलं, आपल्या केंद्रातून जी बाई घर सोडते, तिचा कागद कोर्टाच्या निकालावर बंद करू नका. पुढचं किमान वर्षभर ती कुठं आहे, कोण तिला गाठतंय, रात्री हाक मारायला शेजार आहे का, याची नोंद ठेवा. देल्मिराच्या हातात निकाल पडून एक-दीड महिनाही झाला नव्हता. दुसरं, आपापल्या तालुक्यातली नामवंतांची यादी काढा, ग्रामपंचायतीच्या फलकावरची, शाळेच्या भिंतीवरची. त्यात बायका किती ते मोजा, आणि ज्या नाहीत त्यांची नावं, साल, काम असं तारीखवार लिहून पुढच्या बैठकीला आणा. रिता रिबेरानं पहिलं मत दिलं हे आज आपल्याला माहीत आहे, कारण त्या दिवशी कुणीतरी तिचं नाव लिहून ठेवलं होतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.