पहिली कात्री

मी कोड लिहिणारा माणूस. माझ्या खालाचा मुलगा सलूनमध्ये काम शिकतोय. पहिल्याच पगारावर तो हप्त्याने भारी जपानी कात्री घेणार होता. मी विचारलं, "हातातून पडली तर?" तो म्हणाला, "भाईजान, रोजच पडते." मग एक्सेल उघडलं. आधी सहा इंची साधी कात्री आणि कंगवे. थिनिंगची कात्री नंतर, मशीन तूर्त उस्तादांचं. धार लावायचे पैसे दरमहा वेगळे, हे सगळेच विसरतात. पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मिळतात, पण ती स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी. शिकताना खिसा आपलाच. परवा त्याची कात्री पडली, टोक वाकलं. हसतच फोन केला त्याने.